दारिद्र्य की हेळसांड? कातकरी मुले आणि बालकल्याणाचा कायदा

कर्जत तालुक्यातील कोंडाणे हे गाव लेण्यांमुळे इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे. राजमाचीच्या पायथ्याशी, उल्हास नदीच्या खोऱ्यात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेले तेथील बौद्ध चैत्यगृह आज भग्नावस्थेत असले, तरी त्याच्या दर्शनी भागाजवळचा एक ब्राह्मी लेख वाचता येतो. कण्ह याचा अंतेवासी बलक याने हे काम केले, एवढाच त्याचा आशय. अंतेवासी म्हणजे गुरूजवळ राहून शिकणारा शिष्य. घर सोडून आलेल्या त्या शिष्याला या डोंगरात विद्या मिळाली, आसरा मिळाला आणि केलेल्या कामावर नावही कोरता आले.

त्याच डोंगरांच्या कुशीत, कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत विखुरलेल्या कातकरी वाड्यांतील मुलेही दरवर्षी घर सोडतात. भातकापणी आटोपते, दिवाळी होते आणि मुकादमाचा टेम्पो वाडीच्या तोंडाशी उभा राहतो. भांडीकुंडी, कोंबड्या, म्हातारी माणसे आणि मुले असे सारे बिऱ्हाड त्यात चढते. कोणी पनवेल, पेण, कल्याण, भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जातो, तर कोणी कोळसा पाडण्यासाठी घाटावर आणि त्याही पलीकडे परराज्यात जातो. शाळेच्या हजेरीपटावर मुलांच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणा लागू लागतात. अंगणवाडीत वजन न झालेल्या बालकांची संख्या वाढते. पावसाळ्याच्या तोंडावर ही मुले परत येतात, तेव्हा त्यांचे शाळेचे वर्ष संपलेले असते आणि अनेकांचे वजन घटलेले असते.

या मुलांची आबाळ होते, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो ही आबाळ कोणाच्या नावावर मांडायची हा. आईबापांच्या, मुकादमाच्या, भट्टीमालकाच्या, की शासनाच्या? बालकल्याणाच्या साऱ्या धोरणाचा पाया या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहे. जगातल्या अनेक देशांत हे उत्तर चुकले आणि त्या चुकीची किंमत त्या त्या समाजातल्या सर्वांत दुबळ्या वंशाच्या, वर्णाच्या किंवा जमातीच्या मुलांनी मोजली. महाराष्ट्रही त्याला अपवाद नाही.

उचल आणि बाकी

कातकरी ही महाराष्ट्रातील तीन विशेष दुर्बल आदिवासी गटांपैकी एक जमात. कोलाम आणि माडिया गोंड या उरलेल्या दोन. खैराच्या लाकडापासून काथ काढणारे ते कातकरी, अशी या नावाची व्युत्पत्ती सांगितली जाते. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश सरकारने जंगले राखीव केली, १८७८ चा वनकायदा आला आणि खैरावर कुऱ्हाड चालवणे हा गुन्हा ठरला. जमातीचे नाव ज्या धंद्यावरून पडले तो धंदाच बेकायदा झाला. शेतजमीन बहुतेकांकडे नव्हतीच. अनेक वाड्या ज्या जागेवर पिढ्यान्‌पिढ्या उभ्या आहेत, ती जागाही खासगी मालकाची किंवा वनखात्याची असते. मुंबई-पुण्याच्या मध्ये वसलेल्या या पट्ट्यात जमिनीचे भाव चढू लागले, शेतघरे आणि विश्रामस्थाने उभी राहू लागली, तसे वाडी उठवली जाण्याचे भय नवे झाले.

अशा कुटुंबाला पावसाळ्यात, हाताला काम नसताना, जो रोख पैसा पुढे करतो तो मुकादम. या रकमेला ‘उचल’ म्हणतात. आजारपण, लग्न, घराची शाकारणी किंवा नुसते पोट भरणे हे तिचे निमित्त. उचल घेतली की हंगामभर त्याच भट्टीवर राबणे ओघाने आले. मजुरी हजार विटांच्या हिशेबाने ठरते आणि ती एकट्या पुरुषाला नव्हे, तर साऱ्या कुटुंबाला मिळून असते. आठवड्याच्या बाजारापुरती ‘खर्ची’ मिळते, बाकीचा हिशेब हंगामाच्या शेवटी होतो. तो मालकाच्या वहीत असतो आणि वही वाचण्याइतके शिक्षण मजुराला नसते. उचल फिटली नाही, तर ‘बाकी’ पुढच्या वर्षावर जाते. ठाणे जिल्ह्यात लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी वेठीस धरल्या गेलेल्या आदिवासींना ‘लग्नगडी’ असे नावच पडले होते. वेठबिगार निर्मूलनाचा कायदा १९७६ साली झाला, तरी तिचे अर्थकारण असे टिकून राहिले.

या अर्थकारणात मुलाचे स्थान काय, हे नीट पाहिले पाहिजे. मजुरी नगावर असल्यामुळे प्रत्येक हात हा उत्पन्नाचा भाग होतो. सहा-सात वर्षांची पोर ओल्या विटा उलटते, तिच्याहून थोडी मोठी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन चूल सांभाळते. पहाटे अंधारात आई चिखलात उतरली की तान्हे मूल झोळीत एकटे राहते. बाहेरून पाहणाऱ्याला यात केवळ निष्काळजी आईबाप दिसतील. पण ज्या मजुरीच्या दराने एका माणसाच्या श्रमात कुटुंब जगत नाही, तो दर ठरवणारा माणूस या चित्रात कोठेच दिसत नाही. आबाळीचा खरा करार भट्टीवर नव्हे, तर श्रावण-भाद्रपदात उचल घेताना झालेला असतो.

कायद्याची व्याख्या

आता कायद्याकडे वळू. मुलांच्या काळजी व संरक्षणासंबंधीचा सध्याचा कायदा २०१५ चा. तो जानेवारी २०१६ पासून अमलात आला. त्यानुसार जिल्ह्यात बालकल्याण समिती असते. अध्यक्ष आणि चार सदस्य अशी तिची रचना. ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक’ आढळल्यास त्याला चोवीस तासांच्या आत समितीपुढे आणावे लागते आणि त्याने घरी जावे, नातलगांकडे जावे की बालगृहात, याचा निर्णय समिती करते.

असे बालक म्हणजे कोण? ज्याला घर किंवा निश्चित वस्तीचे ठिकाण नाही आणि निर्वाहाचे उघड साधन नाही, ते. जे कामगार कायद्यांचा भंग होईल अशा रीतीने काम करताना आढळले, ते. ज्याचे पालक त्याचा सांभाळ करण्यास अपात्र किंवा असमर्थ आहेत, ते. या कसोट्या लावून पाहिल्या, तर हंगामावर गेलेले जवळजवळ प्रत्येक कातकरी मूल या व्याख्येत बसते. हा व्याख्येचा दोष आहे असे म्हणता येणार नाही; संकटातल्या मुलाला संरक्षण मिळावे म्हणूनच ती व्यापक ठेवली आहे. परंतु व्यापक व्याख्येमुळे ती लावणाऱ्याच्या हाती मोठी सत्ता येते आणि त्याच्या मनात जे पूर्वग्रह असतील, ते निर्णयात उतरण्याला वाव मिळतो.

कायदा करणाऱ्यांना या धोक्याची जाणीव होती. कुटुंब ही मुलाची पहिली जागा आणि संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय, हे तत्त्व त्याच कायद्यात नमूद आहे. मुलाशी क्रूरपणे वागणाऱ्याला तीन वर्षांपर्यंतची कैद सांगणाऱ्या पंचाहत्तराव्या कलमाला तर एक महत्त्वाचे परंतुक जोडलेले आहे: जन्मदात्यांनी मुलाचा त्याग केला, पण तो त्यांच्या आवाक्याबाहेरच्या परिस्थितीमुळे, असे आढळले, तर तो हेतुपुरस्सर नव्हता असे गृहीत धरावे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २००९ मध्ये स्वीकारलेल्या मार्गदर्शक तत्त्वांतही हेच सांगितले आहे. केवळ दारिद्र्य हे मुलाला आईबापांपासून दूर करण्याचे कारण होऊ नये. उलट ते त्या कुटुंबाला मदत देण्याची गरज दाखवणारे चिन्ह मानावे. कागदावरचा विचार, म्हणजे, सुजाण आहे. अडते ते तो वापरणाऱ्या नजरेपाशी.

दोन घरे, दोन मापे

ही नजर कशी काम करते, याचे उदाहरण दूर शोधण्याची गरज नाही. कर्जत स्थानकावरून पहाटेच्या लोकलने दोन तासांचा प्रवास करून मुंबई गाठणारी नोकरदार जोडपी थोडी नाहीत. त्यांचे आठ-दहा वर्षांचे मूल शाळेतून आल्यावर शेजाऱ्यांकडून किल्ली घेते, झाकलेले जेवण जेवते आणि संध्याकाळपर्यंत एकटे राहते. या घराविषयी लोक हळहळतात. आईच्या ओढाताणीचे कौतुकही करतात. पण हेळसांडीचा शब्द कोणी उच्चारीत नाही आणि तो उच्चारू नये हेच योग्य. मग भट्टीवर तान्ह्या मुलाला मोठ्या बहिणीकडे सोपवून चिखल तुडवणारी कातकरीण तेवढी बेजबाबदार कशी? दोघीही पोटासाठीच घराबाहेर पडलेल्या असतात. एकीच्या घराला कडी-कुलूप आहे आणि दुसरीचे घर कच्च्या विटांचा आडोसा आहे, म्हणून एकीची अडचण ‘परिस्थिती’ ठरते आणि दुसरीची ‘वृत्ती’.

दुसरी गोष्ट दृश्यतेची. सुस्थितीतील कुटुंबाचे दोष चार भिंतींच्या आड राहतात. गरीब आदिवासी कुटुंब मात्र सतत शासनाच्या नजरेखाली असते. अंगणवाडीत मुलाचे वजन नोंदले जाते, सरकारी दवाखान्यात बाळंतपण होते, आश्रमशाळेत हजेरी लागते, भट्टीवर कामगार खात्याची धाड पडते. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्याने अल्पवयीन मुलीच्या गर्भारपणाची माहिती पोलिसांना देणे बंधनकारक केले. तो हेतू रास्तच. परंतु परस्परसंमतीने एकत्र राहू लागलेल्या कोवळ्या वयाच्या आदिवासी जोडप्याची नोंद प्रसूतिकक्षातून थेट पोलीस ठाण्यात जाते आणि त्या भीतीने पुढची मुलगी दवाखान्याची पायरीच चढत नाही. सर्वोच्च न्यायालयाला सप्टेंबर २०२२ मध्ये, गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीची ओळख डॉक्टरने उघड करण्याची सक्ती नाही, असे स्पष्ट करावे लागले, ते अशाच भीतीचा विचार करून. जिथे शासनाची नजर अधिक, तिथे सापडणारे दोषही अधिक. आणि सापडलेल्या दोषांच्या आकड्यावरून जमातच दोषी, असा निष्कर्ष काढणे सोपे जाते.

उलट बाजूची चूक

येथवरचा युक्तिवाद वाचून कोणी म्हणेल, मग आदिवासी मुलांच्या बाबतीत कायद्याने हस्तक्षेपच करू नये काय? तसे मुळीच नाही. पूर्वग्रहाची दुसरी बाजू पहिलीइतकीच घातक आहे. ती म्हणजे खऱ्या छळाकडेही ‘त्यांच्यात असेच चालते’ म्हणून काणाडोळा करणे.

सप्टेंबर २०२२ मध्ये नाशिक जिल्ह्याच्या इगतपुरी तालुक्यातील उभाडे येथील प्रकरण उजेडात आले. कातकरी कुटुंबांतील लहान मुले थोडीशी रक्कम आणि एखादी मेंढी यांच्या बदल्यात नगर जिल्ह्यातील मेंढपाळांकडे राबण्यासाठी दिली गेली होती. त्यांतील दहा वर्षांच्या एका मुलीचा मृत्यू झाला, तेव्हा महाराष्ट्र हादरला. मुले पहाटेपासून रात्रीपर्यंत कळपामागे फिरत होती. गावे बदलत होती, रस्ते ओलांडत होती, शेकडो लोकांच्या नजरेस पडत होती. त्यांच्या गावच्या शाळेत त्यांची नावेही असणार. तरीही एक मूल मरेपर्यंत ही मुले कोणाला ‘हरवलेली’ वाटली नाहीत. शहरातल्या एखाद्या वसाहतीतील दहा वर्षांची मुलगी शाळेतून चार दिवस दिसेनाशी झाली असती, तर काय झाले असते, याची कल्पना प्रत्येकाने करावी.

वृत्तपत्रांच्या मथळ्यांत त्या वेळी ‘आईबापांनी मुले विकली’ हे शब्द ठळक होते. विकणारा दिसला की विकत घेणारा आणि विकायला लावणारी परिस्थिती मागे पडते. मूल विकणे हा अपराधच आहे आणि तो माफ करण्याजोगा नाही. पण ज्या घरात मुलाच्या श्रमाची किंमत एका मेंढीएवढी ठरते, त्या घरापर्यंत शिधा, रोजगार आणि शाळा पोहोचवण्याची जबाबदारी ज्यांची होती, त्यांच्यावर कोणते कलम लागते, हा प्रश्न त्या खटल्यांतून सुटणारा नाही.

म्हणजे एकाच पूर्वग्रहातून दोन चुका घडतात. दारिद्र्याला छळ समजून मूल उचलून नेले जाते. आणि छळाला दारिद्र्याची रीत समजून मूल तसेच सोडले जाते. दोन्ही वेळा त्या मुलाकडे एक स्वतंत्र व्यक्ती म्हणून पाहिले जात नाही, त्याच्या जमातीकडे पाहिले जाते.

इतिहासाची साक्ष

जमात पाहून मुलाचे भवितव्य ठरवण्याची ही रीत जुनी आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मावरून गुन्हेगार ठरवले. १८९७ च्या दुरुस्तीने चार ते अठरा वर्षांच्या मुलग्यांना आईबापांपासून वेगळे करून सुधारगृहात ठेवण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना दिला. १९११ आणि १९२४ च्या कायद्यांनी हा अधिकार कायम ठेवला. सोलापूरची काटेरी तारांतली ‘सेटलमेंट’ हे त्या धोरणाचे महाराष्ट्रातले ठळक स्मारक. मूल वाईट घरातून काढले की ते चांगले होईल, अशी त्यामागची भूमिका होती आणि ती मांडणारे अधिकारी स्वतःला सुधारक समजत. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. परंतु १९५९ च्या मुंबई भीक प्रतिबंधक कायद्याने ‘निर्वाहाचे उघड साधन नसताना भटकणे’ याचाही समावेश भीक मागण्याच्या व्याख्येत केला. शब्द बदलले, संशय तोच राहिला.

अन्य देशांत हीच गोष्ट वंशभेदाच्या नावाने घडली. ऑस्ट्रेलियात विसाव्या शतकाची पहिली सहा-सात दशके मूलनिवासींची मुले पळवल्यासारखी घरांतून नेली गेली. १९९७ च्या चौकशी अहवालाने त्याला वाचा फोडली आणि १३ फेब्रुवारी २००८ रोजी पंतप्रधान केविन रड यांनी संसदेत माफी मागितली. माफीनंतरही तेथे घराबाहेर ठेवलेल्या मुलांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक मुले मूलनिवासी आहेत. बालसंख्येत त्यांचा वाटा सहा टक्क्यांच्या आसपास. कॅनडात २०१६ च्या जनगणनेप्रमाणे चौदा वर्षांखालील बालसंख्येत मूलनिवासींचे प्रमाण आठ टक्क्यांहून कमी, पण पालनगृहांतील मुलांत निम्म्याहून अधिक. त्याच वर्षी तेथील मानवाधिकार न्यायाधिकरणाने, आदिवासी राखीव क्षेत्रांतील बालसेवांना सरकारने कमी पैसा देणे हाच भेदभाव होय, असा निर्णय दिला. कुटुंब सावरायला पैसा नाही आणि मूल उचलायला मात्र आहे, ही विसंगती त्या निर्णयाने उघडी पाडली.

अमेरिकेत १९७८ साली इंडियन चाइल्ड वेल्फेअर ॲक्ट झाला, तेव्हा मूलनिवासींची पंचवीस ते पस्तीस टक्के मुले घरापासून तुटलेली असल्याचे आढळले होते. मूल जमातीतच वाढावे, त्याच्या प्रकरणात जमातीचे म्हणणे ऐकावे, हा त्या कायद्याचा गाभा. जून २०२३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. कृष्णवर्णीय मुलांची कथा निराळी नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार अठरा वर्षांचे होईपर्यंत सर्व अमेरिकन मुलांपैकी सुमारे ३७ टक्के मुलांच्या घराची छळ वा हेळसांडीच्या तक्रारीवरून चौकशी होते. कृष्णवर्णीय मुलांत हे प्रमाण ५३ टक्के. आणि सिद्ध झालेल्या प्रकरणांत सुमारे तीन-चतुर्थांश मारहाणीची नव्हेत, हेळसांडीची असतात.

या आकड्यांच्या अर्थाविषयी तेथील विद्वानांत वाद आहे. डोरोथी रॉबर्ट्‌स यांच्यासारख्या अभ्यासकांच्या मते ही व्यवस्थाच वर्णद्वेषी आहे आणि ती कृष्णवर्णीय कुटुंबे मोडते. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे, की कृष्णवर्णीयांत दारिद्र्य अधिक असल्यामुळे मुलांना खरोखरीच धोका अधिक आहे. भेदभावाच्या आरोपाला घाबरून अधिकाऱ्यांनी हात आखडला, तर मरतील ती याच समाजातील मुले. दोन्ही पक्षांत तथ्य आहे. पण दुसरा पक्ष मान्य केला, तरी निष्कर्ष एकच निघतो: धोक्याचे मूळ दारिद्र्यात असेल, तर उपायाचा आरंभ दारिद्र्यापासून व्हायला हवा. शिवाय, तेथे चौकशीचे आकडे वर्णनिहाय प्रसिद्ध होतात, म्हणून हा वाद तरी होऊ शकतो.

संस्था म्हणजे सुरक्षितता नव्हे

घरातून काढलेले मूल जिथे जाते ती जागा घरापेक्षा चांगली असेल, असे गृहीत धरले जाते. हे गृहीतकही तपासून घ्यावे लागेल. २०११ मध्ये रायगड जिल्ह्यातीलच पनवेलजवळच्या एका खासगी बालगृहातील मतिमंद मुलींवरील अत्याचार उघडकीस आले आणि २०१३ मध्ये न्यायालयाने संबंधितांना दोषी ठरवले. २०१६ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील खामगाव तालुक्यात एका आश्रमशाळेतील मुलींवरील अत्याचाराचे प्रकरण गाजले. आश्रमशाळांतील बालमृत्यूंचा विचार करण्यासाठी त्याच सुमारास डॉ. सुभाष साळुंखे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली.

याचा अर्थ आश्रमशाळा निरुपयोगी आहेत असा नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इरशाळवाडी दरडीखाली गाडली गेली, तेव्हा आश्रमशाळेत राहत असलेली त्या वाडीची मुले वाचली. त्यांतील काहींना परतायला घर उरले नाही, आईबाप उरले नाहीत. अशा मुलांसाठी संस्था लागतेच. परंतु आईबाप जिवंत असताना केवळ ते हंगामावर जातात म्हणून मूल संस्थेत ठेवावे लागणे, ही वेगळी गोष्ट आहे. पहिल्या बाबतीत निसर्गाने घर नेलेले असते. दुसऱ्या बाबतीत घर उभे असते. फक्त त्याला आधार देण्याऐवजी मुलाला तेथून हलवणे शासनाला सोयीचे वाटते.

मुलाकडे जाणारी वाट

महाराष्ट्राजवळ दुसरी परंपराही आहे आणि तिचा अभिमान वाटावा. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि बालशाळा अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द त्यातून आला. पुढे कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघ यांनी पाहिले, की आदिवासी मुले शाळेत येत नाहीत, कारण ती गुरे राखतात. त्यांनी पालकांना दोष दिला नाही, मुलांना गुरांपासून तोडले नाही; शाळाच कुरणात नेली. ती कुरणशाळा. नव्वदच्या दशकात विधायक संसदेने ठाणे जिल्ह्यातील वीटभट्ट्यांवर ‘भोंगाशाळा’ काढल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरील मजुरांचे खोपटे. शाळेचे नावच त्या खोपट्यावरून ठेवले गेले, यात सारे धोरण आले. भट्टीवरचे मूल शाळेत येत नाही, तर शाळा भट्टीवर आली पाहिजे, इतका साधा हा विचार होता.

या परंपरेला आजच्या कायद्याची जोड देता येते. मुलाला घरातच ठेवून कुटुंबाला आर्थिक साहाय्य देण्याची तरतूद २०१५ च्या कायद्यात आहे. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत त्यासाठी दर मुलामागे दरमहा ४,००० रुपये ठरवलेले आहेत. राज्याची बालसंगोपन योजनाही आहे. चार हजार रुपये पगारदार माणसाला किरकोळ वाटतील. उचलीच्या फासात अडकलेल्या कुटुंबाच्या दृष्टीने मात्र एक मूल गावात आजीजवळ राहून शिकू शकेल की नाही, याचा निर्णय त्या रकमेवर ठरू शकतो. अडचण अशी, की या मदतीसाठी रहिवासाचा पुरावा, जातीचा दाखला, बँकेचे खाते आणि कचेरीच्या खेपा लागतात. आणि ज्याची वाडीच दुसऱ्याच्या सातबारावर आहे, त्याने रहिवास सिद्ध करायचा कसा? मूल उचलून नेताना शासन स्वतः दारात येते, मदत देताना मात्र अर्जदाराने शासनाच्या दारात जावे अशी अपेक्षा असते. हा क्रम उलटला पाहिजे. अर्ज भरून घेण्याचे काम दिवाळीपूर्वी, उचल वाटली जाते त्या दिवसांत, वाडीवर जाऊन झाले पाहिजे.

वेठबिगारांच्या पुनर्वसनाच्या २०१६ च्या योजनेतही असाच दोष आहे. बालकाला दोन लाख रुपयांचे साहाय्य सांगितले आहे. परंतु तातडीची अल्प रक्कम वगळता बाकीची मदत मालकावरील दोषसिद्धीशी बांधलेली आहे. खटला वर्षानुवर्षे चालतो आणि तेवढ्यात मूल मोठे होऊन स्वतःच उचल घेऊ लागते.

याबरोबर आणखी तीन गोष्टी व्हायला हव्यात. पहिली, बालकल्याण समित्यांपुढे येणाऱ्या प्रकरणांची जमातनिहाय नोंद ठेवून ती दरवर्षी प्रसिद्ध करावी: किती मुले घरी परत गेली, किती संस्थेत गेली आणि कोणत्या कारणाने. जे मोजले जात नाही ते सुधारत नाही. दुसरी, आदिवासी मुलाच्या प्रकरणात त्याची बोली जाणणारा आणि जमातीतला माणूस सुनावणीस असावा. अमेरिकेतील १९७८ च्या कायद्याचा हा धडा येथेही उपयोगी आहे. चुलत्याकडे, मामाकडे मूल सांभाळण्याची आदिवासी रीत ही हेळसांड नसून आधाराची व्यवस्था आहे, हे अशा माणसाकडून समितीला कळेल. तिसरी, भट्टीवर मूल राबताना सापडले, तर पहिला जाब मालकाला आणि मुकादमाला विचारला जावा. पाळणाघर आणि शाळा यांची सोय नसेल, तर भट्टीला परवानगीच मिळू नये. मूल सोडवून नेले आणि भट्टी तशीच चालू राहिली, तर त्या जागी दुसऱ्या वाडीचे मूल येते.

यातले बरेचसे काम शेवटी शिक्षक, अंगणवाडीसेविका, ग्रामसेवक आणि कचेरीतील कारकून यांच्या हातून व्हायचे आहे. हजेरीपटावरची सलग गैरहजेरी ही केवळ नाव कमी करण्याची बाब न मानता, हे मूल कोठे गेले हे विचारणारा शिक्षक कायद्याच्या दहा कलमांपेक्षा अधिक काम करतो. कातकरी बाईचा अर्ज ‘कागद अपुरे’ असा शेरा मारून परत न करता, अपुरे काय ते सांगून भरून घेणारा कारकून एका मुलाला बालगृहाच्या वाटेवरून मागे आणू शकतो. शेरा मारण्यापूर्वी एवढाच प्रश्न मनाशी विचारावा: हीच अडचण आपल्या आळीतल्या घरावर आली असती, तर तिला कोणता शब्द वापरला असता?

येत्या दिवाळीनंतर कोंडाण्याच्या परिसरातून टेम्पो पुन्हा निघतील. त्यांत बसलेली मुले पुढच्या पावसाळ्यात कोणत्या अवस्थेत परततील, हे भट्टीवर गेल्यावर नव्हे, तर त्याआधीच्या दोन महिन्यांत वाडीवर काय पोहोचते यावर ठरणार आहे. तिथे उचलीआधी मदत पोहोचली, तर आईबापांना मुलांपासून तोडण्याची वेळ सहसा येणार नाही. न पोहोचली, तर शासनाला पुढे त्याच आईबापांना जाब विचारण्याचा नैतिक अधिकार राहणार नाही.